बंबाचं सरपण

सकाळचे साडेपाच वाजलेत, अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, डिसेंबरची थंडी, आणि हा जो तांब्याचा बंब दिसतोय ना तो माझ्या आजीच्या वेळचा. मधल्या नळीत सरपण, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी. एवढीच मशीन. खान्देश म्हटलं की लोकांना आमचा 45 डिग्रीचा उन्हाळा आठवतो, पण थंडीत धुळ्याकडे पारा 6-7 डिग्रीपर्यंत उतरतो हे इथे राहणाऱ्यालाच माहीत, अशा वेळी या बंबाभोवती अख्खं घर गोळा होतं.

गॅस आहे की घरात. पण आम्ही पाच माणसं, प्रत्येकी एक बादली गरम पाणी धरलं तर नुसत्या अंघोळीच्या पाण्यालाच साधारण महिनाभरात एक 14.2 किलोचा सिलेंडर खलास होतो. गीझर लावला तर पहाटे लाईट असेलच याची खात्री नाही. म्हणून बंब. आणि बंब म्हटला की प्रश्न एकच, सरपण आणायचं कुठून, रोजचं, परवडणारं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मग मी वखारीत गेलो. तिथे काट्यावर 3 क्विंटल बाभूळ तोलून घेतली, ट्रॉलीत टाकून घरी आणली, मोठं काम केलं असं वाटलं. मायने एक तुकडा हातात घेतला, दुसऱ्यावर आपटला आणि म्हणाली, "वल्लं शे हाई." म्हणजे हे ओलं आहे. झालं. महिनाभर घरात नुसता धूर, मायचे डोळे लाल, बंबाच्या नळीत डांबरासारखी काजळी, आणि पाणी कोमटच. मायने आपटलेल्या तुकड्याचा तो आवाज मी तेव्हापासून विसरलो नाही. आता तुम्हीही ऐका, हा वाळलेला तुकडा... टण्ण. आणि हा ओला... थप्प. नीट बघितलं तर वाळलेल्याच्या टोकाला सूर्याच्या किरणांसारख्या चिरा पडलेल्या दिसतात, साल नखाने सुटते, आणि हातात घेतला की वाटतं त्यापेक्षा हलका लागतो.

आता हिशोब बघा, कारण मला हा हिशोब कळला तेव्हा खरंच हळहळ वाटली. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, म्हणजे त्या 3 क्विंटलमधे दीडेक क्विंटल तर मी पाणीच विकत घेतलं असेल. ते पाणी जळत नाही, उलट ते उडवायला जाळ खर्ची पडतो. 1 लिटर पाण्याची वाफ करायला 600 च्या वर किलोकॅलरी लागतात, आणि 20 लिटरची बादली 15 डिग्रीवरून 45 वर न्यायला बरोबर 600. म्हणजे लाकडातलं प्रत्येक लिटर पाणी तुमची एक अख्खी बादली खातं! इंग्लंडमधे बऱ्याच घरांत लाकडाच्या शेगड्या असतात, तिथे 2021 पासून नियम आहे की 2 घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं असेल तर ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे कोण तपासणार, आपणच तपासायचं.

त्यांना लाकूड वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात म्हणे. आपल्याकडे मात्र चैत्र-वैशाखाचं ऊन आहे. चिरून रचलेली बाभूळ एका उन्हाळ्यात कडकडीत होते. ज्या उन्हाला आपण चार महिने नावं ठेवतो तेच आपली सगळ्यात मोठी भट्टी आहे, फुकटची, आणि ती वाया घालवून आपण डिसेंबरमधे वखारीसमोर उभे राहतो याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आमच्या घरी आता सरपणाचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, जसं सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं साल आखाजीला बदलतं तसं. पण आखाजीला नुसतं वाळत घालायचं, शोधायचं त्याच्याही आधी. होळी झाली की मी ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन लावतो, बांधावरच्या निंबाची, बाभळीची छाटणी कधी आहे, कोणाची सुबाभूळ उतरणार आहे. गावातले एक नाना आहेत, त्यांच्या बांधावर सुबाभळीची एक ओळ आहे, ते दरवर्षी त्यातली थोडीच झाडं कापतात, खालून परत फुटवा येतो, तीन-चार वर्षांनी तेच झाड पुन्हा तयार. आमचं बोलणं ठरलेलं आहे, दरवर्षी एक ट्रॉली, पैसे आखाजीला रोख, तोडणी त्यांची, चिरणं माझं. हा खरा रेग्युलर सप्लाय. यात भाव पाडून घ्यायचा नाही, कारण पुढच्या वर्षी तेच झाड, तेच नाना आणि आपणच असतो.

ओलं लाकूड घेताना वजनावर कधीच घेऊ नका. ट्रॉलीवर ठरवा किंवा झाडावर ठरवा. वजन फक्त वाळलेल्याचं. वाळलंय की नाही हे बघायची माझी पद्धत सांगतो, ढिगाच्या मधला एक तुकडा किचनच्या काट्यावर तोलायचा, खडूने त्यावरच वजन लिहायचं, पंधरा दिवसांनी परत तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की समजा झालं.

लागतं किती? पाच बादल्या म्हणजे 3000 किलोकॅलरी, वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण 3500, त्यातली निम्मी उष्णता नळीतून वर गेली असं धरा, रोजचे पावणेदोन किलो होतात. दिवाळी ते होळी चार महिने, म्हणजे 2 क्विंटलच्या थोडं वर. बस. माझ्या पहिल्या वर्षीच्या खरेदीपेक्षा कमीच!

बाकी मग इकडचं तिकडचं. पावसाळ्याच्या आधी विजेच्या लाईनीखालच्या फांद्या तोडतात, त्या बऱ्याचदा रस्त्याच्या कडेला पडून राहतात, तिथे विचारून उचला. तापी, गिरणा, पांझरेच्या काठाने वेडी बाभूळ माजलेली असते, काटा चपलेतून आरपार जातो पण लाकूड जड, जाळ आणि निखारा एक नंबर, आणि जमिनीचा मालक तर काढून नेलीत म्हणून खूश होतो. सॉ मिलमधे कडेच्या साल असलेल्या फळ्या मिळतात, बंबाला मस्त साईज. जळगावच्या एमआयडीसीकडून कोणी पॅकिंगचे पॅलेट आणून देत असेल तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी लिहिलं असेल तर ते नुसतं तापवलेलं आहे, एमबी असेल तर त्यावर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात जाळू नका. रंग लावलेलं फर्निचर आणि प्लायवूड पण नको.

कपाशीच्या काड्या आपल्याकडे ढिगाने. पटकन पेटतात, पटकन संपतात, म्हणून बंब पेटवायला काड्या आणि टिकवायला बाभूळ अशी जोडी. भरताची वांगी काड्यांच्याच जाळावर भाजायची हे तर मी सांगायला नको. पण एक काळजी आहे. काड्यांवर राहिलेल्या बोंडांमधे गुलाबी बोंडअळी दडून बसते, त्यामुळे बांधावर वर्षभर ढीग ठेवला तर पुढच्या कपाशीला तीच अळी परत. शेतातच बोंडं झाडून नष्ट करायची, काड्या घरी आणायच्या, आणि पावसाळ्याच्या आत संपवायच्या. या बाबतीत मी घरच्यांशीसुद्धा भांडतो.

दिसेल ते झाड तोडू नका. अंजन बघा, सातपुड्याच्या पायथ्याला दिसतं, लाकूड लोखंडासारखं, पण ते 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहे, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैरही त्यातच. परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि डोंगरातून कोणी हिरवी मोळी आणली तर घेऊ नका, एक तर ती जळणार नाही आणि दुसरं म्हणजे उद्या तिथे झाड नसेल.

ही आमची रास. खाली विटा, नाहीतर उधई, म्हणजे वाळवी चढते. वर पत्रा, बाजू उघड्या, वारा खेळला पाहिजे. ताडपत्रीने गच्च गुंडाळलं की आतून बुरशी येते. काढताना आधी काठी आपटा मग हात घाला, विंचू हमखास असतात. आणि बंब बंद बाथरूममधे पेटवायचा नाही, अंगणात किंवा उघड्या पडवीत, निखाऱ्यांतून जो कार्बन मोनॉक्साईड निघतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

थोडं बारीक, सरळ लाकूड माय वेगळं बांधून ठेवते, ते मांड्यांसाठी, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी. खापराखाली जाळ सगळीकडे सारखा लागतो, एका बाजूने भडकला तर मांडा तिथेच करपतो. त्या पेंडीला बंबासाठी हात लावायची कोणाची हिंमत नाही.

पाणी तापलंय. तोटीतून वाफ येतेय, धूर जवळजवळ नाहीच. माय आली, राशीतून एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटला, ऐकलं, आणि काही न बोलता नळीत टाकला.