नाडी १२० वरच का थांबते

नमस्कार श्रोतेहो.

मिरामारहून दोना पावलच्या रस्त्याला पहाटे फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी कुणी त्याला पाहिलंही असेल. तीन चाकांची लांबट रेसिंग खुर्ची, हातात जाड मोजे, आणि मागून स्कूटरवर ओरडत येणारे मास्तर. मुलगा पाडेल्याच्या घरातला. बापाबरोबर नारळ पाडायला माडावर चढायचा, एका पावसाळ्याच्या तोंडावर वरून पडला आणि मानेत मज्जारज्जूला मार बसला. पाय गेले, धडही बहुतेक गेलं, हातांची बोटं अर्धीमुर्धी राहिली. मी फिजिओथेरपिस्ट. त्याला ओळखते ती तेव्हापासून. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही.

मास्तर माणूस सोन्यासारखा. पण त्यांनी हौसेनं नाडी मोजणारं घड्याळ आणलं आणि भांडणाला सुरुवात झाली. व्यायामशाळेत भिंतीवर लिहिलेलं असतं ते सूत्र तुम्हाला माहीत असेल : २२० वजा वय. मुलगा २६ वर्षांचा, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर नाडी १९४ च्या आसपास जायला हवी. याची काही केल्या १२० च्या पुढे सरकेना. "न्हिदला काय रे?" मास्तर विचारायचे. पोराचे ओठ पांढरे पडलेले, आणि तो झोपलेला! शेवटी माझ्याकडे तक्रार आली, "मॅडम, हा अंग चोरतो."

अंग तो चोरत नव्हता. झालं होतं ते असं.

आपल्या हृदयात ठोक्यांची स्वतःची एक घडी असते. तिला कुणी हातच लावला नाही तर ती मिनिटाला साधारण १०० च्या चालीनं चालेल. पण तिच्यावर दोन नसांचा ताबा असतो. एक ब्रेक आणि एक अ‍ॅक्सिलरेटर. ब्रेकची नस, व्हेगस तिचं नाव, मेंदूच्या बुडातून निघून मानेतून थेट छातीत उतरते. मज्जारज्जूच्या वाटेनं ती जातच नाही. आपण निवांत बसलेलो असताना नाडी ७० वर असते ती या ब्रेकमुळे. अ‍ॅक्सिलरेटरच्या नसा मात्र मज्जारज्जूतून खाली येतात आणि छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांपाशी बाहेर पडून हृदयाकडे जातात. आता मानेतच मज्जारज्जू तुटला तर काय होईल? ब्रेक शाबूत, अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटलेली. जोर लावला की मेंदू ब्रेक सोडतो, नाडी उतारावरच्या स्कूटरसारखी आपोआप ११०, १२०, फार तर १३० पर्यंत जाते आणि तिथंच थांबते. पुढं रेटायला वायरच नाही.

हेच पोर कमरेच्या मणक्यात दुखावलं असतं तर त्याची नाडी १८५-१९० पर्यंत आरामात गेली असती. म्हणून व्हीलचेअरवरचे सगळे खेळाडू एका मापानं मोजू नयेत. इजा कुठल्या मणक्यात आहे, हा पहिला प्रश्न. आणि तो हृदयाच्या डॉक्टरांनीही आधी विचारावा, असं मला वाटतं. नेहमी विचारला जातोच असं नाही.

आता वर्षानुवर्षं सराव केल्यावर या हृदयाचं काय होतं? खेळाडूचं हृदय मोठं असतं हे जुनं ज्ञान आहे. १८९९ साली हेन्शेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर नुसती बोटं वाजवून ते ताडलं होतं. एक्सरे तेव्हा नुकताच कुठं जन्माला आला होता. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या आधारानं एक सिद्धांत मांडला गेला : लांब पळणाऱ्यांच्या हृदयाचा कप्पा ऐसपैस होतो, वजन उचलणाऱ्यांच्या हृदयाची भिंत जाड होते. प्रत्यक्षात दोन्हींची सरमिसळ असते, पण ढोबळ चित्र तेच.

खुर्चीवर बसलेल्या माणसाची कथा मात्र उलट्या टोकापासून सुरू होते. पाय हलत नाहीत, म्हणजे पोटऱ्या रक्त वर ढकलत नाहीत. रक्त पायांतच साचून राहतं. आमच्याकडे मे महिन्यात बांयीचं, म्हणजे विहिरीचं पाणी तळाला जातं, तेव्हा पंप नवा कोरा असला तरी टाकी भरत नाही, तसंच हे. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर जाणारं रक्तही कमी. काम कमी झालं की हृदयाचा स्नायू इतर स्नायूंसारखाच झडतो. मानेत इजा झालेल्या आणि व्यायाम न करणाऱ्या माणसांच्या हृदयाचा डावा कप्पा खरोखरच लहान झालेला दिसतो.

म्हणजे आमचा खेळाडू शून्यापासून निघत नाही, शून्याच्या खालून निघतो. ज्यांचे पाय गेलेत पण छातीच्या नसा शाबूत आहेत, त्यांनी हातानं चालवायच्या सायकलवर किंवा रेसिंग खुर्चीवर वर्षानुवर्षं सराव केला, तर त्यांचं हृदय घरी बसलेल्या व्हीलचेअरवाल्यांपेक्षा स्पष्ट मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. रोममध्ये पॅरालिम्पिक खेळाडूंच्या हृदयांच्या तपासण्या झाल्या, त्यांतही हेच दिसलं : दमसासाच्या खेळातली हृदयं सर्वांत मोठी, आणि मज्जारज्जूच्या इजेच्या खेळाडूंत हा बदल इतरांपेक्षा कमी. ज्याचा एक पाय किंवा हात नाही, किंवा ज्याला दिसत नाही, त्याच्या नसांना धक्का नसतो. त्याचं हृदय सरावाला चारचौघांसारखंच उत्तर देतं. मानेच्या इजेत हृदयाला मिळणारा वाटा लहान. तिथं कमाई होते ती जास्त करून दंडांत आणि श्वासात. पोटाला घट्ट पट्टा बांधला तर श्वासाला आणि परत फिरणाऱ्या रक्ताला थोडी मदत होते. पोहण्याचाही फायदा होतो, कारण अंग आडवं असतं आणि पाण्याचा दाब रक्त वर ढकलतो.

पोहण्यावरून आठवण निघाली ती मुरलीकांत पेटकरांची. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला आपला सांगलीकडचा जवान. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहला आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आला. तेव्हा कुणी त्यांचा इको काढला असेल असं वाटत नाही!

एक गोष्ट जरा धोक्याची आहे, पण बोलायलाच हवी. छातीच्या सहाव्या मणक्यात किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, चिमटणारा पट्टा, जखम, असलं काहीही खाली खुपलं की शरीर बेभान होतं आणि रक्तदाब झपकन चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. काही खेळाडू हे मुद्दाम करू लागले. लघवीची नळी बंद ठेवायची, खाली टोकदार काहीतरी घेऊन बसायचं. इंग्रजीत त्याला बूस्टिंग म्हणतात. शर्यतीची वेळ खरंच कमी होते. १९९४ च्या एका प्रयोगात आठ खेळाडूंची ती सुमारे १० टक्क्यांनी सुधारली होती. पण त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीची त्यावर बंदी आहे. शर्यतीआधी रक्तदाब मोजतात, आणि वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त राहिला तर उतरू देत नाहीत. घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच : असं डोकं ठणकलं तर सरळ बसवा, नळी तपासा, पट्टे सैल करा. उतरलं नाही तर लगेच डॉक्टर गाठा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईबाबांना वेगळं सांगते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतःच हृदयाचा काही ना काही दोष असतो. मैदानावर जरूर आणा, पण आधी इको करून.

आणि आपल्या हवेचं काय? मानेच्या इजेत खालच्या अंगाला घामच येत नाही. एप्रिलमधल्या पणजीच्या दमट हवेत आपण निथळतो, हा पोर कोरडा राहतो आणि आतून तापतो. त्याच्या खुर्चीला पाण्याचा फवारा बांधलेला असतो. तो शोभेचा नाही. दर वळणावर तो तोंडावर आणि दंडांवर मारायचा असतो.

मास्तरांना हे सगळं पटायला एक आख्खा पावसाळा गेला. आता आम्ही जोर मोजतो तो त्यालाच विचारून. ६ ते २० ची एक मोजपट्टी असते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता मेलो. तो परवा दोना पावलच्या चढावर "१७" म्हणून ओरडला, आणि मास्तर पहिल्यांदाच म्हणाले, "पुरो, परत फिर."

नाडीचं घड्याळ मास्तरांच्याच मनगटावर असतं. आपली किती पावलं झाली ते बघतात.