पाचोळ्यावरचा उजेड

रात्रीच्या जंगलातली ही एक अरुंद पायवाट. पावसाने भिजलेल्या पाचोळ्याने ती झाकून गेली आहे आणि त्या पाचोळ्याखालून एका झाडाचे मूळ बोटभर वर आलेले आहे. निळसर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी पेटवली की झोत लांबवर जातो, बुंधे लख्ख उजळतात. मात्र पायाजवळचे मूळ, माती आणि पाने एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. आता त्याच जागी, तेवढाच प्रखर पण किंचित पिवळसर झोत टाकून पाहू. मुळाची साल तांबूस दिसू लागते, ओली माती काळपट होते, आणि कालच गळलेले पिवळे पान कुजलेल्या पानापासून वेगळे उठून दिसते. पाऊल कुठे टाकावे, हे आता डोळ्यांना कळते.

या दोन झोतांमधला फरक केल्विन या तापमानाच्या एककात सांगतात. भट्टीत लोखंड तापते तेव्हा ते आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे दिसते. एखादी काळी वस्तू त्याहून पुष्कळ तापवली तर तिचा प्रकाश पांढरा आणि पुढे निळसर होत जातो; ज्या तापमानाला तिचा रंग एखाद्या उजेडासारखा दिसतो, तोच त्या उजेडाचा आकडा. म्हणूनच मेणबत्तीच्या ज्योतीचा आकडा सुमारे १९०० केल्विन, तारेच्या जुन्या दिव्याचा सुमारे २७००, आणि भर दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास असतो. आपण ज्याला उबदार उजेड म्हणतो त्याचा आकडा लहान आणि ज्याला थंड म्हणतो त्याचा मोठा, हा उलटा हिशेब खरेदी करताना लक्षात ठेवावा लागतो.

बहुतेक विजेऱ्या ६५०० केल्विनच्या आसपास का असतात, याचे उत्तर एलईडीच्या घडणीत आहे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरे तर निळा प्रकाश देणारा लहानसा तुकडा असतो. तो प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साध्य झाला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या निळ्या तुकड्यावर फॉस्फरचा थर देतात; तो थर काही निळा प्रकाश शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. निळा भाग जास्त शिल्लक ठेवला की तेवढ्याच विजेत ल्युमेन, म्हणजे डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचे माप, अधिक मिळतात, आणि खोक्यावर मोठा आकडा छापता येतो. त्या मोठ्या आकड्याची किंमत लाल रंगाच्या रूपाने मोजावी लागते, आणि जंगलाच्या जमिनीवर नेमका हाच रंग सर्वाधिक कामाचा असतो. कारण तपकिरी म्हणजे अखेर मंद नारिंगीच, आणि झोतात लालच कमी असेल तर साल, माती, वाळकी पाने आणि त्यांच्यात निश्चल बसलेला बेडूक यांना वेगळे करणार कोण?

यासाठी केवळ केल्विन पाहून भागत नाही. ४००० केल्विनच्या दोन विजेऱ्यांपैकी एक रंग फिकट दाखवते आणि दुसरी खरे दाखवते, कारण त्यांचा सीआरआय, म्हणजे रंग कितपत नैसर्गिक दिसतात याचा निर्देशांक, वेगळा असतो. आमच्या मते पायी चालण्यासाठी ४००० ते ४५०० केल्विन आणि ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय ही जोडी उत्तम आहे. ३००० केल्विनलाही आमचा विरोध नाही. उलट त्याच्याकडे किडे कमी झेपावतात, आणि मंद उजेडात तो डोळ्यांना सुखावतो. फक्त दाट हिरवाईत तो हिरव्यालाही पिवळसर करून टाकतो.

धुक्यात पिवळा प्रकाश आरपार जातो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सर्वच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. तिथे उपयोग होतो तो झोताच्या जागेचा: कपाळावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो, तर तीच विजेरी कमरेजवळ धरली की भिंत बरीच विरते.

रंगाइतकेच महत्त्व मंदपणाला आहे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने तो सराव क्षणात मोडतो. नकाशा पाहण्यापुरता मंद लाल दिवा तो सराव बराचसा टिकवतो, परंतु लाल उजेडात सगळेच एकरंगी होत असल्याने चालण्यासाठी तो निरुपयोगी आहे. पायवाटेला साधारणतः शंभर ल्युमेन पुरतात. पुन्हा त्या मुळाजवळ येऊ: पिवळसर झोत मंद केला आहे, विजेरी कमरेला खाली धरली आहे, आणि तांबूस सालीच्या पलीकडे मुळाची लांब सावली ओल्या पाचोळ्यावर पडलेली आहे.