खानदेशच्या उन्हातली जास्वंद

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण घरच्या बागेतल्या जास्वंदीविषयी बोलणार आहोत, आणि तेही मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या आपल्या जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या भागातल्या जास्वंदीविषयी. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत चिवट जास्वंद म्हणून जिचे कौतुक असते, ती बर्फ सोसणारी जास्वंद असते. दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय फूल असलेली हिबिस्कस सिरिॲकस ही त्यांपैकी एक. दुसरी अमेरिकेतली, ताटाएवढी फुले देणारी हिबिस्कस मॉश्युटॉस; ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात बुंध्यापासून पुन्हा फुटते. हिचे बी हल्ली आपल्याकडेही पाकिटांतून विकले जाते, परंतु ती मुळात दलदलीच्या काठची आहे आणि तिला सतत ओल लागते, हे पाकिटावर क्वचितच लिहिलेले असते. आपल्याला थंडीपेक्षा ऊन सोसणारे झाड हवे, आणि ते आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. पाच पाकळ्यांची, एकेरी, देशी तांबडी जास्वंद ही खानदेशात सर्वांत खात्रीची. तिच्या खालोखाल, कधीच पूर्ण न उमलणारी मिरची जास्वंद. रोपवाटिकेत दुरंगी, तिरंगी, मोठ्या फुलांच्या संकरित जाती मन ओढून घेतात, आणि त्या जरूर घ्याव्यात, परंतु पहिले झाड देशी तांबडीचेच असावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जमिनीविषयी. आपली काळी जमीन कपाशीला उत्तम आहे, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. त्यामुळे जास्वंद खोल खड्ड्यात लावू नये. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यातल्या मातीत निम्म्यापर्यंत कुजलेले शेणखत आणि जाड वाळू मिसळावी, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा बोटे उंच बसेल असा उंचवटा करून लावावे. पुन्हा सांगतो, रोप उंचवट्यावर लावावे, खड्ड्यात बुडवू नये. उन्हाळ्यात बुंध्याभोवती केळीची वाळलेली पाने किंवा खोडाची सोपटे पसरावीत. केळीच्या मुलखात राहून आच्छादनासाठी दुसरे काही शोधण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट राखेची. चुलीची राख झाडाला घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि आंबट जमिनीत ती गुणकारीही ठरते. परंतु आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे, तिचा सामू, म्हणजे पीएच, बहुतेक ठिकाणी 8 च्या आसपास असतो, आणि राख तो आणखी वाढवते. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. असे पान दिसले की झाडाला पाणी कमी पडले असे समजून नळी सोडू नये. कुजलेल्या शेणखतात मूठभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळून ते बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीत घालावे, किंवा चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येणारे लोह, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारावे. राख नको, अंड्यांची टरफलेही नकोत. पालाश, म्हणजे पोटॅश, द्यायचे तर केळीच्या साली बारीक चिरून मातीखाली पुराव्यात. युरियाचा हातही आवरता घ्यावा, कारण नत्र जास्त झाले की झाड नुसते पानांनी माजते आणि कळी धरत नाही.

आता जास्वंदीच्या मुख्य शत्रूकडे, पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीकडे, वळू. सकाळी जास्वंदीचे एक फूल हातात घेऊन त्याच्या मधली दांडी नीट पाहावी. पुंकेसर एकमेकांना जोडून त्यांची एक नळी झालेली असते आणि त्या नळीतून बाहेर आलेल्या टोकाला पाच लहान मखमली गोळे असतात. मग भेंडीचे, अंबाडीचे किंवा कपाशीचे फूल उघडून पाहावे. तिथेही पुंकेसरांची तीच नळी दिसेल. ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. म्हणून कपाशीवरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही तितक्याच आवडीने राहतो, आणि यावरून एकदा काय घडले ते मला आज सांगायचेच आहे.

गोष्ट अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. 2005 नंतरच्या काही वर्षांत कपाशीवर पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला होता, तो अनेकांना आठवत असेल. शेताच्या कडेची गाजरगवत, पेटारी यांसारखी झाडे काढून टाका, कारण कीड त्यांवर तग धरते, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जात होते, आणि ते योग्यच होते. या खेड्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या परसाला तांबड्या जास्वंदीचे पुरुषभर उंच कुंपण होते. सारा गाव त्यांना जिजी म्हणत असे. कुंपणापलीकडे आप्पांचे कपाशीचे शेत होते. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरे पीठ दिसताच आप्पांनी कोयता काढला आणि हे कुंपण मुळासकट तोडायचे असे जाहीर केले. जिजी काठी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “आप्पा, मन्हा झाडले हात लावू नका.” निदान फवारणी तरी करू द्या, असे आप्पांच्या मुलाने सुचवले. त्यालाही त्यांचा नकार होता, कारण ती फुले रोज गणपतीला जात आणि देवाच्या फुलांवर विष ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. भांडण चावडीपर्यंत गेले आणि निवाड्यासाठी, दोन्ही बाजूंच्या ओळखीचा म्हणून, मला बोलावणे आले.

खरे सांगायचे तर मी आप्पांच्या बाजूने निकाल देण्याच्या तयारीनेच गेलो होतो. कुंपणापाशी जाऊन एक शेंडा वाकवला. पिठ्या ढेकूण होता, यात शंका नव्हती. जिवंत ढेकूण मऊ असतो, अंगावर पांढरे मेण असते आणि बोटाने दाबला की ओला डाग पडतो. परंतु त्या शेंड्यावर पांढऱ्यांच्या बरोबरीने तपकिरी, कडक, तिळाएवढे दाणे चिकटलेले होते, आणि त्यांतल्या कित्येकांना सुईने पाडल्यासारखे गोल छिद्र होते. ते दाणे म्हणजे मेलेले ढेकूण होते. एनॅशियस नावाची दोन मिलिमीटरच्या आसपासची एक काळी गांधीलमाशी ढेकणाच्या अंगात अंडे घालते, अंड्यातली अळी त्याला आतून खाते, ढेकणाची कातडी वाळून कडक होते आणि तयार झालेली माशी ते भोक पाडून बाहेर पडते. जिजींच्या कुंपणावर या माश्यांची वसाहतच होती, कारण तिथे विषारी औषधाचा एक थेंबही कधी पडलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक बुंध्याला एरंडेलात बुडवलेली चिंधी बांधलेली होती. हे कशासाठी, असे विचारल्यावर जिजी म्हणाल्या की फुले तोडताना मुंग्या चावतात, म्हणून. श्रोतेहो, ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो आणि त्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात, जवळ येणाऱ्या माश्यांना हुसकावून लावतात. जिजींनी बोटे वाचवण्यासाठी मुंग्या अडवल्या आणि त्यामुळे माश्यांना रान मोकळे झाले.

आप्पांना हे पटेना. मग एक डहाळी काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि ती बरणी आप्पांच्याच ओसरीवर ठेवली. काही दिवसांनी फडक्याच्या आतल्या बाजूला काळ्या बारीक माश्या बसलेल्या आप्पांनी स्वतः पाहिल्या, आणि दुसऱ्याच सकाळी ते कोयत्याऐवजी रिकाम्या काडेपेट्या घेऊन जिजींच्या दारात हजर झाले. डहाळ्या तोडून शेतात नेल्या असत्या तर त्यांबरोबर जिवंत ढेकूणही गेले असते. म्हणून फक्त तपकिरी दाणे चिमटीने वेचून काडेपेट्यांत भरले आणि त्या अर्धवट उघड्या काडेपेट्या दोऱ्याने कपाशीच्या झाडांना बांधल्या. कीड एका रात्रीत नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही, परंतु त्या हंगामात आप्पांनी बांधाकडच्या ओळींवर फवारणी केली नाही आणि कुंपण जागेवर राहिले.

तेव्हा आपल्या झाडावर पांढरे दिसले तर आधी जवळ जाऊन तपकिरी दाणे आहेत का ते पाहावे. असतील तर हात आवरावा आणि बुंध्याला एरंडेलाची चिंधी बांधावी. नसतील तर पाण्याचा जोरदार फवारा मारून ढेकूण पाडावेत, आणि तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. आधी पाहावे, मग फवारावे.

फुले रोज नाहीशी होण्याचे आणखी एक कारण आहे, त्यावर निंबोळी तेल चालत नाही. पहाटे फिरायला निघालेले काही सद्गृहस्थ खिशात प्लास्टिकची पिशवी घेऊनच बाहेर पडतात आणि लोकांच्या कुंपणावरच्या कळ्या आपल्या देवासाठी तोडून नेतात. चोरलेल्या फुलांची पूजा देवाला कशी रुचते, हे मला कधी उमगलेले नाही. असो.

छाटणीविषयी थोडक्यात. जास्वंदीची कळी नव्या फुटव्यावर येते, म्हणून छाटणी हवीच. माघात थंडी ओसरू लागली की फांद्या एक तृतीयांश कापाव्यात. चैत्र-वैशाखात मात्र कात्री लावू नये, कारण पानांची सावली गेली की फांद्यांची साल भाजते.

कलमासाठी आषाढ-श्रावण उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटण्याच्या जागेच्या, लगेच खाली तिरपा द्यावा, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत आणि बाकीची काढावीत. दोन डोळे ओल्या वाळूत जातील अशी काडी खोचून सावलीत ठेवावी. पालवी फुटली म्हणजे मुळे धरली असे नव्हे. काडीतल्या साठ्यावरही पाने फुटतात, म्हणून पाच-सहा आठवडे ती उपटून पाहू नये. जमिनीत लावताना घराच्या पूर्वेची बाजू निवडावी, तिथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर भिंतीची सावली येते. पश्चिमेची सिमेंटची भिंत मात्र टाळावी, ती मे महिन्यात रात्रीपर्यंत तापलेली असते. नवरात्रापूर्वी रोप जमिनीत गेले तर थंडीआधी त्याची मुळे पसरतात. तेवढा वेळ साधला नाही, तर ते कुंडीतच वाढू द्यावे आणि पुढच्या पावसाळ्यात लावावे. नमस्कार.