भुकेल्यांपर्यंत उरलेलं अन्न न्यायचंय? आधी घड्याळ बघा

[टेबलावर वीस लिटरचं झाकलेलं पातेलं, शेजारी सळईचा थर्मामीटर]

या पातेल्यात भात आहे. गॅस बंद होऊन पाच तास झालेत. पातेलं हाताला कोमट लागतंय, वास छान येतोय, दाणा मोकळा आहे. शीत चाखून बघितलंत तरी खोट सापडणार नाही. साठेक जणांचं पोट भरेल एवढा ऐवज आहे.

[झाकण काढून थर्मामीटर खुपसतात]

मध्यभागी ४८ अंश सेल्सिअस. कडेला ३६. हा भात कुणालाही वाढायचा नाही.

हा निर्णय ज्याला घेता येतो, त्याने हे काम सुरू करावं. काम म्हणजे, वस्तीतल्या चार-सहा जणांनी मिळून कँटीन, हॉटेल, समारंभ इथलं उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि ज्यांच्या घरी आज चूल पेटण्याची खात्री नाही त्यांच्यापर्यंत न्यायचं. अन्न कमी पडेल ही भीती नको. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे २९ कोटी टन हॉटेलं, कँटीन, केटरर यांच्याकडचं. अन्न आहे. कमी पडतो तो वेळ.

भातापासूनच सुरू करू. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूने स्वतःभोवती घातलेलं चिलखतच म्हणा. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे उरतात. भात गरम असेपर्यंत ते गप्प असतात. तो कोमट झाला की रुजतात, वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात. हे विष तुमच्या-आमच्या कुठल्याही पातेल्यात उकळून नष्ट होत नाही. म्हणून ‘परत एक दणदणीत उकळी आणली की झालं’ हे चूक. उकळीने जिवाणू मरेल, त्याने आधीच करून ठेवलेलं विष तसंच राहील.

रश्शाची, डाळीची, मांसाच्या पदार्थांची गोष्ट जरा वेगळी. तिथला गुन्हेगार क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याला हवा नको असते, आणि खोल पातेल्याच्या तळाशी ती नसतेच. त्याला सोयीचं तापमान मिळालं, म्हणजे ४३ ते ४५ अंशांच्या आसपास, तर दहा-बारा मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा मिनिटं धरा आणि हिशोब करा: तासात एकाचे ६४, दोन तासांत ४,०९६, चार तासांत दीड कोटीच्या वर. प्रत्यक्षात पातेलंभर तीच अवस्था चार तास टिकत नाही, पण दोन तास आणि चार तास यांत केवढा फरक पडतो ते यावरून कळावं.

तर ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. त्यात काढलेला सगळा वेळ मोजायचा: तिथे टेबलावर गेलेला, गाडीतला, इथे वाट बघण्यातला. वेगवेगळा नाही, एकत्र. दोन तासांच्या आत असेल तर वाढा किंवा थंड करून ठेवा. दोन ते चार तासांत असेल तर लगेच वाढून संपवा, ठेवू नका. चार तासांच्या पुढे गेलं की टाकून द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हा दोन-चार तासांचा नियम रूढ आहे. आमच्या मते नवख्या गटाने मधला खण विसरून जावा आणि दोन तासच धरावेत. गाडी अडकते, कुणी उशिरा येतं, आणि तो मधला खण केव्हा संपला ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता थर्मामीटर. सळईचा, डिजिटल घ्या. बंदुकीसारखा लांबून रोखायचा मिळतो तो इथे कुचकामी, कारण तो फक्त वरच्या थराचं तापमान सांगतो. वरचा थर सगळ्यात आधी निवतो, आणि ढवळलं की सगळ्यात आधी फसवतो. विकत आणलेला थर्मामीटर खरं बोलतो का ते आधी तपासा.

[काचेच्या पेल्यात बर्फाचा चुरा]

पेला बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरायचा, मग फटी भरतील एवढंच पाणी. ढवळायचं. सळई मधोमध, तळाला किंवा काचेला न टेकवता धरायची. आकडा स्थिर झाला की शून्य दिसायला हवं, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यातही तपासता येतं, पण उंचावर राहत असाल तर पाणी १०० च्या आधीच उकळतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. म्हणून बर्फच बरा. दर पातेल्यानंतर सळई साबण-पाण्याने धुऊन मग स्पिरिटने पुसायची. स्पिरिट जंतू मारतं, अन्नाचा अंश धुण्यानेच जातो, नाहीतर दूध-शेंगदाण्याचा अंश एका पदार्थातून दुसऱ्यात जातो आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेततं.

फोन आला, ‘आमच्याकडे अन्न उरलंय.’ नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती?’ पहिला प्रश्न ‘आच कधी बंद केली?’ हा हवा. मग, तेव्हापासून कुठे ठेवलंय, झाकलेलं आहे का, कुणाला वाढायला घेतलं होतं का. मराठीत ‘उरलेलं’ आणि ‘उष्टं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि या कामाची अर्धी नियमावली त्यांतच आली. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. ताटातलं उष्टं. ज्या टेबलावरून लोक स्वतः वाढून घेतात तिथलं भांडं? ते उष्ट्यात धरा. त्यात कितीजणांचे हात, किती शिंका गेल्या याची नोंद कुणाकडेच नसते.

चिरलेली कोशिंबीर, क्रीम घातलेलं काही, कच्च्या अंड्याचा सॉस, मासे: नको म्हणा. पाव, बिस्किटं, न कापलेली फळं, बंद पाकिटं: आनंदाने घ्या. गरम पदार्थ दारातच मोजा. ६० च्या वर असेल तर गाडीत. खाली असेल तर घड्याळ बघून ठरवा, आणि ‘नाही’ म्हणावं लागलं तर तिथेच म्हणा. घेऊन आल्यावर टाकणं दोनदा जड जातं, आणि टाकवत नाही म्हणून वाढलं जातं, ते तर फारच वाईट.

‘किती?’ याचं उत्तर माणसांत मागू नका. ‘पन्नास जणांचं आहे’ म्हणतात आणि वीस जणांचं निघतं, कारण वाढप्याचा हात आणि यजमानाचा अंदाज कधी जुळत नाही. पातेलं किती लिटरचं आणि किती भरलंय ते विचारा. मोठ्या माणसाला शिजलेला भात २५० ग्रॅम, डाळ किंवा रस्सा २०० मिलिलिटर असं धरलं तर २० लिटर डाळ शंभर जणांना पुरते. अडचण अशी की कधीच दोन्ही सारखं येत नाही. भात चाळीस किलो आणि रस्सा तीन लिटर, असंच येतं. म्हणून कोरडी डाळ स्वतःकडे हवीच. माणशी ६० ग्रॅम, म्हणजे एका किलोत सोळा जण. अन्न निघाल्याचा निरोप आला की तिकडे डाळ चढवायची.

वाहतुकीला जाड भिंतीचे, आत फोम असलेले डबे. एक साधी गोष्ट इथे हमखास चुकते: थंडगार डब्यात गरम अन्न ओततात, आणि डबाच त्याची उष्णता पिऊन टाकतो. आधी उकळतं पाणी भरून झाकण लावून पंधरा मिनिटं ठेवा, ओता, आणि लगेच अन्न भरा. काठोकाठ भरा. अर्धा डबा भरण्यापेक्षा लहान डबा घ्या. वाटेत झाकण उघडून बघायचं नाही.

डब्यावर चिकटपट्टी लावून चार गोष्टी लिहा: पदार्थ, आच बंद केल्याची वेळ, उचलताना मोजलेलं तापमान, आणि ‘अमुक वाजेपर्यंत संपवा’. शक्य झालं तर दूध, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम, अंडी, तीळ, सोया यांपैकी काय आहे तेही. हेच सगळं वहीत. प्रत्येक पदार्थाचा मूठभर नमुना स्वच्छ डबीत घालून, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. कुणी आजारी पडलंच, तर अंदाजावर भांडण होण्यापेक्षा नमुना तपासता येतो.

रात्री उशिरा अन्न आलं, खाणारी माणसं सकाळी. मग थंड करायचं, आणि या कामातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अख्खं पातेलं फ्रिजमध्ये. घरगुती फ्रिज थंड अन्न थंड ठेवण्यासाठी असतो. त्याच्यात वीस लिटर वाफाळतं पातेलं ठेवलंत तर पातेलं थंड होत नाही, फ्रिज गरम होतो आणि शेजारचं दूधही नासतं. भाताचा थर जितका जाड, तितकी आतली उष्णता बाहेर यायला वेळ, आणि तो वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ साधारण पाव. वीस सेंटिमीटरचा थर पाच सेंटिमीटरवर आणा, काम सोळापट लवकर. म्हणून परातीत, पसरट ट्रेमध्ये, पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. पातळ पदार्थ असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. थंड करायची मुदत वर सांगितलेल्या दोन-चार तासांहून वेगळी: ६० वरून २१ पर्यंत दोन तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत पोचलंच पाहिजे. पहिला टप्पा चुकला तर दुसऱ्याची वाट बघू नका. सकाळी गरम करताना मध्यभागी किमान ७४ अंश, एकदाच. वाढल्यावर उरलं तर ते संपलं, पुन्हा ठेवायचं नाही.

हातांबद्दल थोडक्यात. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. सॅनिटायझर त्याची जागा घेत नाही, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्यात त्याने बरं वाटल्यावरही ४८ तास अन्नाजवळ यायचं नाही, कितीही उत्साही कार्यकर्ता असो. बोटावर पिकलेली जखम असेल तर तो माणूस गाडी चालवेल, वाढणार नाही.

कायद्याचं आपापल्या ठिकाणी विचारून घ्या. चांगल्या मनाने दान करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १९९६ पासून आहे. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे अतिरिक्त अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ चे आहेत. दान करणारे बिचकतात ते बहुधा बदनामीला. त्यांना तुमची वही दाखवा, निम्मी शंका तिथेच फिटते.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट, जी मुद्दाम शेवटी ठेवली, नाहीतर थर्मामीटर कुणी ऐकलंच नसतं. अन्न शोधायच्या आधी खाणारी माणसं शोधा. ‘उरलंय’ असा फोन आल्यावर गाडी घेऊन गरजू हुडकत फिरणं म्हणजे दोन तास रस्त्यातच घालवणं. अर्ध्या तासाच्या अंतरात दोन-तीन ठिकाणं ठरवा, तिथे रोज किती माणसं असतात ते मोजा, आणि निरोप घेणारी एक व्यक्ती पक्की करा.

आणि भूक फक्त रस्त्यावर दिसते असं समजू नका. जागतिक अन्न व कृषी संघटनेची अन्न-असुरक्षितता मोजायची आठ प्रश्नांची पट्टी आहे. तिचा पहिला प्रश्न उपाशी राहिलात का, असा नाही. पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, असा आहे. पुढे तेच तेच खावं लागलं का, एखादं जेवण चुकवलं का, असं करत शेवटचा: अख्खा दिवस काही न खाता गेला का? पहिल्या तीन-चार प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी माणसं तुमच्या रांगेत येणारच नाहीत. ती कामावर असतात, अंथरुणाला खिळलेली असतात, किंवा शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून येत नाहीत. त्यांच्यासाठी वाटपाची वेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा, डबा घरी न्यायची सोय करा, दाखले मागू नका, आणि वाटतानाचे फोटो काढू नका. दान देणाऱ्याला फोटो हवाच असेल तर पातेल्याचा पाठवा.

ठरावीकपणा अन्नाइतकाच महत्त्वाचा. उरलेलं अन्न सुट्टीच्या दिवशी आणि समारंभांच्या हंगामात धो-धो येतं, मंगळवारी काहीच नसतं. भूक मंगळवारीही असते. त्यामुळे उरलेल्या अन्नावर वाटप उभं करायचं नाही. पाया कोरड्या शिध्याचा, त्यावर आलं तर उरलेलं. शंभर जणांचा राखीव शिधा असा: तांदूळ साडेसात किलो, डाळ चार किलो, तेल एक लिटर, मीठ, हळद. साठ लिटरच्या एका पातेल्यात हे एकत्र शिजतं. माणशी पावणेपाचशे कॅलरीच्या आसपास पडतात. आपत्तीत मदत आखताना माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात, म्हणजे हे दिवसाच्या गरजेच्या पाव हिश्श्याच्या किंचित खाली. धान्याच्या डब्यांवर आणल्याची तारीख घाला, जुनं पुढे, नवं मागे. डबे जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून सुटे ठेवा, म्हणजे ओल आणि उंदीर दोन्ही दिसतात.

[पुन्हा पहिलं पातेलं]

आता हा भात. ४८ अंश, पाच तास. दारात माणसं थांबलेली आहेत. हा बाजूला, कंपोस्टच्या पिंपात. गॅस पेटवा, राखीव शिधा काढा, आणि बाहेर जाऊन स्पष्ट सांगा की जेवायला पाऊण तास लागेल.