पंचगंगेचा विकिपीडिया लेख सुधारायचाय? आधी संदर्भ उघडा

नमस्कार मंडळी! पूर आला की आणि गणपती विसर्जन झालं की कमेंटमध्ये हमखास एकच मागणी येते: "पंचगंगेवरचा विकिपीडिया लेख नीट कसा करायचा ते दाखवा." चला, आज आपल्या कोल्हापूरच्या या नदीचा लेख घेऊन तेच करू.

खातं उघडणं, लॉग-इन करणं, "संपादन" दाबणं, हे तुम्हाला जमतं. त्यात वेळ घालवत नाही. एवढंच करा, पहिला हात धूळपाटीवर (विकिपीडियावरचं सरावाचं पान) फिरवा, थेट लेखात नको.

आता लेख उघडा आणि त्याला विचारा: नदी सुरू कुठे होते, संपते कुठे, आणि लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीय? पंचगंगेच्या बाबतीत इथंच घोळ होतो, कारण हिला डोंगरात एक असा उगम नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेनं मानलेली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा. पण "पाचही नद्या एका जागी मिळतात" हे वाक्य चूक आहे. तुळशी आणि कुंभी आधीच भोगावतीत येतात, मग प्रयाग चिखलीला भोगावती आणि कासारीचा संगम होतो. तिथून पुढं नाव पंचगंगा, ते नृसिंहवाडी-कुरुंदवाडला कृष्णेत मिळेपर्यंत. त्यामुळं "लांबी सुमारे ८० किलोमीटर" लिहायचं असेल, तर "प्रयाग चिखलीपासून" हे शब्द त्याच वाक्यात हवेत. भोगावतीच्या डोंगरापासून मोजलं तर आकडा बदलणारच. सरस्वतीसाठी "परंपरेनुसार" लिहा. माहितीचौकटीत उपनदी म्हणून तिला बाकी चौघींच्या रांगेत बसवू नका.

मग नको ते काढा. दूधगंगा ही पंचगंगेची उपनदी नाही. ती स्वतंत्रपणे कृष्णेला मिळते, आणि वेदगंगा तिला मिळते. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर कृष्णाकाठी आहे. जिल्हा एकच म्हणून सगळं या लेखात भरायचं नाही.

आता मुद्द्याचं. बरेच जण लिहितात, "लेखात तीस संदर्भ आहेत, म्हणजे लेख चांगला." अहो, संदर्भ मोजून काय होणार? ते उघडा! वाक्यात जे लिहिलंय तेच त्या पानावर लिहिलंय का, एवढंच बघायचंय. आणि हेच कुणी करत नाही.

[स्क्रीनवर: राजाराम बंधाऱ्याची मोजपट्टी]

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. बातमी येते, "पंचगंगा ४३ फुटांवर." लेखात कुणीतरी लिहितो, "पंचगंगा ४३ फूट खोल आहे," आणि शेजारी तीच बातमी लावतो. बातमी खरी, लेख खोटा! ४३ हा त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. तो सगळ्या नदीची खोली सांगत नाही. वाक्यात ठिकाण आणि तारीख दोन्ही लिहा.

क्युसेक आणि टीएमसीचंही तसंच. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय. टीएमसी म्हणजे साठा, अब्ज घनफूट. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतात. दिवसभर तसंच सुटलं तर होतात साधारण ०.१२ टीएमसी. आता कुणी "१,४२८ टीएमसी विसर्ग" लिहिलं, तर राधानगरीसारखी शंभरावर धरणं रिकामी होतील! संदर्भ उघडला असता तर एकक तिथंच दिसलं असतं.

दुसरी गोष्ट, संदर्भ आणि वाक्य यांच्या मध्ये घुसलेलं वाक्य. मूळ लेखात असतं, "अमुक महिन्यात अमुक ठिकाणच्या नमुन्यात बीओडी इतका आढळला," आणि पुढं संदर्भाचा आकडा. (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप.) नंतर कुणीतरी मध्येच "ही महाराष्ट्रातील सर्वात प्रदूषित नदी आहे" टाकतो. आता तो संदर्भ या नव्या वाक्याचा वाटतो. प्रदूषणाबद्दल तुमची तळमळ मला कळते, शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला आणि जलपर्णी आपण सगळेच बघतोय. म्हणूनच वाक्य असं लिहा की कुणाला उडवता येऊ नये: नमुना कुठला, महिना कुठला, बीओडी लिटरला किती मिलिग्रॅम. अंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा ३ आहे, ती शेजारी लिहिली की वाचणाऱ्याला आपोआप कळतं. संदर्भ मात्र प्रत्येक दाव्याला लागून, परिच्छेदाच्या शेवटी एकदाच नको.

तिसरी, गोल फिरणारा संदर्भ. बातमीतलं वाक्य लेखाशी शब्दशः जुळतंय? लेखाच्या वरचा "इतिहास" (जुन्या बदलांची यादी) उघडा आणि ते वाक्य लेखात कधी आलं ते बघा. बातमी नंतरची असेल, तर बहुधा तिनंच ते लेखातून उचललंय. असा संदर्भ काढा. दुसरा मिळेपर्यंत त्या वाक्याला "संदर्भ हवा" ही खूण लावा.

"मग संदर्भ आणायचा कुठून?" हा प्रश्न येतोच. प्रवाहमार्ग आणि जुन्या गावांसाठी कोल्हापूरचं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), १८८६ चं आणि १९६० चं. पृष्ठ क्रमांक द्यायचाच. पण १८८६ ला राधानगरी धरण नव्हतं. त्यातलं भोगावतीच्या पाण्याचं वर्णन "आज" म्हणून टाकू नका. पाणीपातळीसाठी पाटबंधारे विभागाचे आकडे, प्रदूषणासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल. "आमचे आजोबा सांगायचे" हे मोलाचं असतं, पण विकिपीडियावर ते छापील आधाराशिवाय चालत नाही.

बदल जतन करताना आढाव्याच्या चौकटीत कारण लिहा: "लांबीचा आरंभबिंदू जोडला, गॅझेटियरचे पान दिले." मोकळं सोडलं की दुसऱ्याला शंका येते आणि बदल उलटवला जातो. उलटवला तर लगेच परत टाकू नका. चर्चा पानावर संदर्भ ठेवा आणि उत्तराची वाट बघा.

फोटो टाकण्याबद्दलही बऱ्याच कमेंट आहेत. घाटाचा स्वतः काढलेला फोटो मुक्त परवान्याखाली (म्हणजे कुणालाही वापरता येईल असा) कॉमन्सवर, विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, चढवा, वर्णनात घाट आणि तारीख लिहा. व्हॉट्सॲपवर आलेला पुराचा फोटो चालणार नाही, तो कुणाचा तरी आहे.

तर आज फक्त पहिला परिच्छेद घ्या. त्यातला प्रत्येक संदर्भ उघडा, आणि जो संदर्भ वाक्याशी जुळत नाही तो खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तेच दुरुस्त करू.