शिवेच्या आतली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमध्ये कुठल्याही शेतात, गल्लीत किंवा ओसाड माळावर उभे राहा, तुम्ही बहुधा कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत असता. पॅरिश म्हणजे एका चर्चकडे सोपवलेला मुलूख. त्याची शीव ठरलेली असते. कुठे ओढा, कुठे बांध, कुठे एखादा रोवलेला दगड, आणि पुष्कळ ठिकाणी ती शेकडो वर्षांत फारशी हललेली नाही. त्या शिवेच्या आत राहणारा प्रत्येक जण तिथल्या पाळकाच्या जबाबदारीचा मानला जातो. तो रविवारी चर्चला येतो का, त्याचा देवावर विश्वास आहे का, हे आधी विचारलं जात नाही.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या भागात १८७०च्या दशकात एस.पी.जी. हे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, मिशन आलं. पुढे १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आमची मंडळी त्यात आली. त्यामुळे डेव्हनमधल्या एका खेड्यात राहायला आले तेव्हा उपासनेचा क्रम मला परका नव्हता. पापांगीकार, स्तोत्र, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, सगळं ओळखीचं. नवी होती ती ही शीव. आमच्याकडे मंडळी म्हणजे बाप्तिस्मा झालेली, घरटी नावानिशी ठाऊक असलेली माणसं. इथे रविवारी बाकांवर बारा-पंधरा जण, आणि चर्च मात्र अख्ख्या गावाचं. खेड्यांतली चर्चं ओस पडली, असं सगळीकडे म्हटलं जातं. बाकांवरची डोकी मोजून काढलेला हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. का, ते आज सांगायचं आहे.

शिवेच्या आत राहणाऱ्याला कायद्याने काही हक्क आहेत. त्याला गावच्या चर्चमध्ये लग्न लावता येतं. चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत जागा शिल्लक असेल तर मेल्यावर तिथे माती मिळते. इतकंच नाही, शिवेच्या आत ज्याला मरण आलं त्या परक्यालाही तो हक्क आहे. १८०७ साली कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘ॲन्सन’ हे लढाऊ जहाज फुटलं. वाहून आलेले मृतदेह त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिथेच किनाऱ्यावर, प्रार्थनेविना पुरले गेले. लोकांना ते सहन झालं नाही, आणि १८०८ साली कायदा झाला की समुद्राने बाहेर टाकलेला देह ज्या पॅरिशच्या किनाऱ्याला लागेल, त्या पॅरिशने त्याला आपल्या दफनभूमीत रीतसर मूठमाती द्यावी.

कायदा झाला तरी कडा उतरून तो देह वर आणायला माणूस लागतो. कॉर्नवॉलच्याच उत्तर टोकाला मॉर्वेनस्टो नावाचं गाव आहे. उंच कडे, खाली काळे खडक, आणि शिडांच्या जहाजांचा तो काळ. तिथे रॉबर्ट स्टीफन हॉकर हे चाळीस वर्षं पाळक होते. वादळानंतर ते माणसं घेऊन कडा उतरत आणि बुडालेल्या खलाशांचे देह वर आणत. १८४२ साली ‘कॅलेडोनिया’ हे स्कॉटिश जहाज तिथे फुटलं. त्यातले मेलेले खलाशी मॉर्वेनस्टोच्या दफनभूमीत आहेत आणि त्या जहाजाच्या नाळेवरची लाकडी मूर्ती त्यांच्या थडग्यांवर उभी केली गेली. मूळ मूर्ती आता चर्चच्या आत जपली आहे, बाहेर तिची प्रतिकृती आहे. या खलाशांपैकी कुणी हॉकरसाहेबांचं प्रवचन ऐकलं नव्हतं. गावात त्यांचं कुणी नव्हतं. ते शिवेच्या आत आले, एवढं पुरलं.

याच हॉकरांनी १८४३ साली गावकऱ्यांना सुगीची उपकारस्तुती करायला चर्चमध्ये बोलावलं. आज इंग्लंडभर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जो सुगीचा सण होतो, त्याची सुरुवात त्या बोलावण्यापासून धरतात. आमच्या गावात त्या रविवारी खिडक्यांच्या कट्ट्यांवर भोपळे, सफरचंदं, कांद्यांच्या वेण्या आणि वेदीपाशी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव असतो. हल्ली डबाबंद अन्नही येतं, कारण दुसऱ्या दिवशी ते सगळं फूड बँकेत जातं. वर्षात एरवी चर्चची पायरी न चढणारे शेतकरी त्या दिवशी येतात, आणि त्यांचा आवाज काय लागतो म्हणून सांगू!

शेतीशी जोडलेले आणखीही रविवार आहेत. जानेवारीत नांगरावर आशीर्वाद मागतात. ईस्टरनंतर, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, पाळक आणि गावकरी शेतांतून चालत जातात, उभ्या पिकासाठी प्रार्थना करतात आणि काही ठिकाणी शिवेचे दगड काठीने ठोकतात. नकाशे नव्हते तेव्हा शीव पुढच्या पिढीच्या डोक्यात राहावी म्हणून लहान पोरांना बरोबर नेत आणि त्या दगडांवर आपटतही. पोरगं म्हातारं झालं तरी जागा विसरत नसे.

शिवेची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती डर्बीशरमधल्या ईम या गावात. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथल्या शिंप्याच्या घरात प्लेग शिरला, असं सांगतात. गावचे पाळक होते विल्यम मॉम्पेसन, तरुण आणि नुकतेच आलेले. त्यांच्या आधीचे पाळक थॉमस स्टॅन्ली यांनी १६६२ चं नवं प्रार्थनापुस्तक मान्य केलं नव्हतं, म्हणून त्यांचं पद गेलं होतं. पण जुन्या गावकऱ्यांचा विश्वास त्यांच्यावरच होता. अशी दोन माणसं जून १६६६ मध्ये एकत्र आली आणि गावाने शीव बंद करून घेतली. रोग बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून कुणी बाहेर जायचं नाही. बाहेरची माणसं शिवेवर धान्य ठेवत आणि ईमचे लोक दगडाच्या खळग्यात व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकत. चर्चला कुलूप लागलं आणि उपासना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, एकमेकांपासून लांब उभं राहून होऊ लागली. मेलेल्यांना ज्याचं त्याने आपल्या शेतात पुरायचं होतं. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली. सुमारे २६० माणसं दगावली. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी त्या घळीत जमून उपासना करतात.

असं जगणं-मरणं नोंदवून ठेवण्याची शिस्तही पॅरिशचीच. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत असा हुकूम आहे. आपल्या पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला, तोही याच अँग्लिकन परंपरेत.

आता घंटांबद्दल बोलू दे, कारण मला त्यांचं वेड आहे. इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक चर्चच्या मनोऱ्यांत घंटा अशा टांगल्यात की त्या पूर्ण वर्तुळात फिरतात. प्रत्येक घंटेला मोठं चाक, चाकाला दोर, दोराला लोकरीची मूठ, आणि दर दोराला एक माणूस. घंटा तोंड वर करून क्षणभर तोललेली राहते, मग उलटी फिरून येते. तिचा वेग थोडासाच कमी-जास्त करता येतो. म्हणून धून वाजत नाही, क्रम बदलत जातो. सहा घंटा असतील तर ७२० वेगवेगळे क्रम होतात, सात असतील तर ५०४०. हे ५०४० क्रम एकदाही पुनरावृत्ती न करता वाजवायला सुमारे तीन तास लागतात आणि समोर कागद नसतो, सगळं तोंडपाठ. आमच्या मनोऱ्यात शाळकरी मुलगी आहे, निवृत्त पशुवैद्य आहेत, आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारे एक गृहस्थही आहेत. ते आठवड्याला तालमीला येतात, रविवारी उपासनेपूर्वी वाजवतात आणि उपासना सुरू झाली की घरी जातात. त्यांना कुणी अडवत नाही. मला ते बरोबर वाटतं. जून १९४० मध्ये सरकारने देशभरच्या घंटा बंद केल्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून. नोव्हेंबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईतल्या विजयासाठी त्या पुन्हा वाजल्या, तेव्हा रस्त्यात उभं राहून ऐकणारे सगळेच काही चर्चला जाणारे नव्हते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १६३० ते १६३३ या काळात बेमर्टनला कवी जॉर्ज हर्बर्ट पाळक होते, तेव्हा त्यांची प्रार्थनेची घंटा झाली की शेतकरी नांगर थांबवून जागच्या जागी प्रार्थना करत, असं त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. बाकांवर मोजलं असतं तर ते शेतकरी हिशेबात आलेच नसते.

उपासना साधी असते. महिन्यातून एकदा सकाळी आठला १६६२ च्या पुस्तकातलं प्रभुभोजन, गाण्यावाचून. इतर रविवारी सोप्या, आजच्या भाषेतली उपासना. संध्याकाळची प्रार्थना मला सगळ्यात प्रिय. त्यात मरियेचं गीत असतं आणि म्हाताऱ्या शिमोनाचं, ‘आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे’ हे. हिवाळ्यात, अंगात कोट तसाच ठेवून, सहा-सात जण ते म्हणतो. नंतर मागितलेल्या प्रार्थनेत गावातल्या आजारी माणसांची नावं येतात. कुणी सांगितलं म्हणून, कुणी वहीत लिहून ठेवलं म्हणून.

अडचणी खऱ्या आहेत. एकेका पाळकाकडे पाच, आठ, कधी त्याहून अधिक गावं असतात, त्यामुळे ‘या रविवारी कुठे?’ हे फाटकावरच्या फलकावर बघावं लागतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६ हजार इमारती, त्यातल्या बहुतेक सरकारी यादीतल्या जुन्या वास्तू. दर पाच वर्षांनी वास्तुविशारद तपासणी करतो आणि त्याचा अहवाल वाचून खजिनदाराची झोप उडते. छपराचं शिसं चोरीला जातं. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्यांची घाण रोज झाडायची. पैसा उभा राहतो तो केक विकून, उन्हाळी जत्रा भरवून, मृत्युपत्रातल्या देणग्यांतून. फुलांची पाळी, गवत कापायची पाळी, पितळ घासायची पाळी, चहाची पाळी, सगळं पाळीने. आणि ही पाळी करणाऱ्यांतले बरेच जण सत्तरीच्या पुढचे आहेत. काही चर्चांनी आपल्या एका कोपऱ्यात गावचं पोस्ट किंवा दुकान घेतलं, कारण गावातलं शेवटचं दुकान बंद झालं होतं. त्यावर कुणी नाकं मुरडतात. मला त्यात देवाच्या घराचा अपमान दिसत नाही. म्हातारीला पेन्शन घ्यायला बारा मैल जावं लागत नाही, हीसुद्धा सेवाच आहे.

या सगळ्याचा भार दोन चर्चवॉर्डनांवर असतो. मध्ययुगापासून चालत आलेलं हे बिनपगारी पद. त्यांची निवड दर वसंतात गावसभेत होते, आणि या सभेत फक्त चर्चचे सभासद नव्हे, शिवेच्या आत राहणारा, स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कुणीही मत देऊ शकतो. बऱ्याच गावांत आता दुसरं नाव पुढे येत नाही.

म्हणून इंग्लंडच्या खेड्यांत, लहान गावांत राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना माझी विनंती आहे. तुम्ही ख्रिस्ती असाल, नियमित प्रभुभोजन घेत असाल, तर वॉर्डन होण्याचा विचार करा. तिथल्या सभासदयादीत नाव घालावं लागतं, एवढंच. ख्रिस्ती नसाल तरी तुमचं नाव मतदारयादीत आहे, तर त्या सभेला जा आणि मत द्या, तो तुमचा हक्क आहे. घंटेचा दोर धरायला शिका, शिकवणारे आनंदाने शिकवतात. सभेची तारीख फाटकावरच्या फलकावर लावलेली असते. एप्रिल-मेच्या सुमाराला बघत राहा.

नमस्कार.