कसं काढलं, सांग बरं

(दृश्य : फळा. खडूने लिहिलेलं ४०२ − १७८ = ३७६)

हे उत्तर चुकलेलं आहे. तरी ते पुसलेलं नाही, त्यावर फुलीही नाही. यवतमाळ जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा, वर्ग चौथा. आजचा गणिताचा तास याच उत्तरावर चालणार आहे.

मॅडम बाजूला होतात. "कसं काढलं, सांग बरं."

मुलगी आधी गप्प. मग एकेका आकड्यावर बोट ठेवत सांगते, "दोनातून आठ जात नाई. म्हून आठातून दोन काढले, सहा. शून्यातून सात जात नाई. सातच ठेवले. चारातून एक गेला, तीन."

नीट ऐका. ही मुलगी अंदाजपंचे लिहीत नाही. मोठ्यातून लहान काढायचा, असा एक नियम तिने धरला आहे आणि तिन्ही घरांत तो न चुकता पाळला आहे. फुली मारली असती तर उत्तर चुकलं एवढंच कळलं असतं. गाडी कुठे अडली, ते ना तिला कळलं असतं, ना मॅडमना.

(दृश्य : तुराट्यांच्या जुड्या, मुलांचे हात)

तूर निघाली की तुराट्यांना इकडे तोटा नसतो. त्यांचे वीतभर तुकडे करायचे, दहा तुकड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक गठ्ठा. मुलीपुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. यातून एकशे अठ्ठ्याहत्तर काढून द्यायच्या.

आठ सुट्या द्याव्यात तर हातात दोनच. जुडी सोडावी तर जुडी एकही नाही. ती थांबते.

मॅडमनी इथे सांगून टाकलं असतं तर काम लगेच उरकलं असतं. त्या सांगत नाहीत. ही एवढी थांबण्याची जागा बहुतेक वर्गांत मुलांच्या वाट्याला येतच नाही. उत्तर लवकर यावं, वही तपासून व्हावी, अभ्यासक्रम पुढे सरकावा, या घाईत ती निघून जाते.

शेजारची मुलगी कुजबुजते, "गठ्ठा सोड नं."

गठ्ठा सुटतो, दहा जुड्या होतात. त्यातली एक सुटते आणि हातात बारा काड्या येतात. बारातून आठ गेल्या, उरल्या चार. जुड्या राहिल्या नऊ, त्यातल्या सात गेल्या, उरल्या दोन. तीन गठ्ठ्यांतला एक गेला, उरले दोन. दोनशे चोवीस. हातचा घेताना शून्याच्या डोक्यावर नऊ कुठून येतो, ते तिने आत्ता स्वतः सोडून पाहिलं.

मॅडम म्हणतात, "एक जुडी सोडल्यावर बाकीच्या तू पुन्हा मोजल्या, ते चांगलं केलं." हुशार आहेस, असं त्या म्हणत नाहीत. हे ठरवून आहे.

(दृश्य : वर्गाच्या खिडकीतून पाऊस, वह्या)

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचं कौतुक झालं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी आली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली.

गणित येणं न येणं जन्माने ठरत नाही. रीत बदलून, मदत मागून, पुन्हा करून ते वाढतं. या समजुतीला ग्रोथ माइंडसेट म्हणतात. पण नुसतं सांगून फार काही होत नाही, हेही खरं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या विद्यार्थ्यांना याच समजुतीचा, तासाभरापेक्षा छोटा ऑनलाइन पाठ दिला होता. मागे पडलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि तेही जिथे सोबतची मुलं अवघड कामाला हात घालत होती, तिथे. भिंतीवर सुविचार रंगवून भागणार नाही. वर्गाचं वळण बदलायला हवं.

(दृश्य : शाळेमागचं कपाशीचं शेत, चिखलाने भरलेल्या चपला, टेप)

सातवीचा वर्ग सरांबरोबर वावरात आला आहे. दोन तासांत, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींत, चार फूट अंतर, दोन झाडांत दीड फूट. एकरात झाडं किती? आधी अंदाज. कोणी म्हणतो दोन हजार, कोणी पन्नास हजार. सर सगळेच अंदाज वहीत लिहायला लावतात.

एका झाडाची जागा म्हणजे ४ गुणिले १.५. एकाच्या वहीत उत्तर ४.२० आहे. "चार वेळा दीड फूट मोजून पाह्य," सर म्हणतात. टेप न घेताच मुलगा म्हणतो, "सहा." मग वहीकडे पाहतो आणि खोडरबर मागतो. सर म्हणतात, खोडू नको, खाली लिही.

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागिले सहा. ७,२६० झाडं.

चाचणीत काहींचे गुण वाढले आहेत, फळ्यापाशी यायला आता हाका माराव्या लागत नाहीत.

(दृश्य : तासातून वाकून चालणारी मुलं)

पण सगळं बी उगवत नाही, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. एका तासात शंभर जागा मोजल्या, तेरा रिकाम्या निघाल्या. त्या हिशोबाने एकरात साधारण ९४४ नांग्या, म्हणजे झाडाविना रिकाम्या जागा. फळ्यावर मांडण्याजोगं उत्तर आहे, सरही खूश आहेत. एक मुलगी मात्र मानत नाही. खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथे जास्त मेली असतील, एकाच तासावरून कसं काय सांगता, असं ती विचारते.

सर टेप तिच्या हातात देतात. वर्ग खालच्या अंगाला निघाला आहे.